ऊसर जमीन, परदेशी पैसा आणि तपासणीचा प्रश्न

लखनौ शहर रेल्वे कामगाराला नवे नाही. उत्तर रेल्वे आणि पूर्वोत्तर रेल्वे या दोन्हींची विभागीय कार्यालये या एकाच शहरात आहेत. चारबागची शेजारीशेजारी उभी असलेली दोन स्टेशने, आलमबाग व चारबागचे कारखाने, मानकनगरची आर.डी.एस.ओ., हे सर्व आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहे. परंतु याच शहरातल्या दोन संस्थांची नावे त्यामानाने कमी जणांना ठाऊक असतात. एक म्हणजे रेल्वे सुरक्षा आयोग, ज्याचे मुख्य आयुक्त लखनौत बसतात. दुसरी उत्तर प्रदेश भूमी सुधार निगम, जिच्यामार्फत जागतिक बँकेच्या कर्जातून या राज्यातली लाखो एकर नापीक जमीन लागवडीखाली आणण्याचा प्रकल्प राबवला गेला. पहिलीचा संबंध रुळांशी, दुसरीचा मातीशी. दोघींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरीही या लेखात आम्ही त्या दोघींना एकत्र आणणार आहोत. अन्न आणि शेतीसाठी परदेशातून येणाऱ्या पैशाचे काय झाले, हे तपासायचे कोणी आणि कसे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर आमच्या मते रेल्वेकडे आहे.

रेल्वेच्या युनियनने शेतीच्या भानगडीत कशाला पडावे, असे काही मित्र विचारतील. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, रुळावर काम करणारा ट्रॅकमन शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्याच घरातून येतो. लखनौच्या आमच्या सहकाऱ्यांपैकी अनेकांची गावे उन्नाव, हरदोई, रायबरेली, सुलतानपूर या पट्ट्यात आहेत. पगार रेल्वेचा, पण घरच्या मंडळींचे पोट त्या मातीवर. आणि ती माती म्हणजेच ऊसर.

ऊसर म्हणजे काय, हे सांगली-कोल्हापूरच्या किंवा नगर जिल्ह्यातल्या प्रवरेच्या कालव्याखालच्या वाचकाला फार समजावून सांगावे लागणार नाही. आपण जिला चोपण म्हणतो, तीच जमीन. मातीत सोडियम इतका साचतो की सामू साडेआठच्या वर, कधी दहापर्यंत जातो. पावसाळ्यात वर पाणी साचून राहते, खाली मुरत नाही. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. त्याला तिकडे रेह म्हणतात. पूर्वी धोबी लोक ती रेह गोळा करून कपडे धुण्यासाठी वापरत. अशा शेतात गवताची काडीसुद्धा धड उगवत नाही. उत्तर प्रदेशात अशी जमीन सुमारे १२ लाख हेक्टर होती. काही निसर्गाने दिलेली. बरीचशी मात्र कालव्यांच्या पाझराने आणि पाण्याचा निचरा अडल्याने वाढलेली. शारदा कालवा १९२८ साली सुरू झाला, त्याच्या आधी गंगेचा कालवा. १८७० च्या दशकातच इंग्रज सरकारला या रेहची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली होती. आणि आमच्या खात्याबद्दलही खरे ते बोलले पाहिजे. रेल्वेचे उंच भराव जिथे पुरेशा मोऱ्या न ठेवता घातले गेले, तिथे पाण्याची नैसर्गिक वाट अडली. म्हणजे या आजारात थोडा वाटा रुळांचाही आहे.

या आजारावरचे औषध शास्त्रज्ञांना माहीत होते. आधी बांध घालून शेत सपाट करायचे, मग जिप्सम मिसळायचे आणि पाणी भरून ठेवायचे. जिप्समातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली व नाल्यातून बाहेर जातो. पहिल्या खरिपात भात घ्यायचा, कारण उभ्या पाण्यात टिकणारे पीक तेच. त्यानंतर गहू, मग हिरवळीच्या खतासाठी धैंचा. शेत पडीक ठेवायचे नाही; ठेवले की क्षार पुन्हा वर येतात. जिप्सम राजस्थानातून आणायचे, कूपनलिका खणायच्या, नाले काढायचे. हे एकट्या दोन बिघेवाल्याच्या आवाक्यातले नव्हते. इथे जागतिक बँक आली.

पहिला टप्पा १९९३ ते २००१. बँकेच्या आय.डी.ए. या शाखेने सुमारे ५ कोटी ४७ लाख डॉलर कर्ज मंजूर केले. उद्दिष्ट ४५,००० हेक्टरांचे होते, काम त्याहून अधिक झाले. दुसरा टप्पा २००७ पर्यंत चालला. कर्ज सुमारे १९ कोटी ४१ लाख डॉलर, उद्दिष्ट दीड लाख हेक्टर. तिसरा २००९ ते २०१८. कर्ज १९ कोटी ७० लाख डॉलर, उद्दिष्ट १ लाख ३० हजार हेक्टर. साधारण चार हेक्टरांमागे एक कूपनलिका आणि तिच्याभोवती शेजारी शेतकऱ्यांचा एक गट, अशी रचना होती. कोणती जमीन किती बिघडली आहे, याचे नकाशे लखनौच्याच दूरसंवेदन केंद्राने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काढले. जिथे आधी काहीच पिकत नव्हते तिथे हेक्टरी दोन-तीन टन धान्य येऊ लागले.

आम्ही येथे स्पष्ट नमूद करतो की, आमच्या मते हे काम चांगले झाले. जागतिक बँकेचे नाव काढले की आमच्या चळवळीतल्या काही मंडळींच्या कपाळाला आठी पडते. १९९१ नंतर बँक आणि नाणेनिधी यांच्या नावाने कामगारांवर काय काय आले, ते आम्ही विसरलेलो नाही. पण ज्या ग्रामसभेच्या ऊसर जमिनीचे पट्टे भूमिहीन, बहुतांशी दलित कुटुंबांना कागदावर मिळाले होते, ज्यावर काही उगवत नसल्याने ते पट्टे म्हणजे नुसता कागदच होता, त्या जमिनीत भात डोलू लागला तर त्याला वाईट कसे म्हणावे? पैसा कोणाचा होता याचा राग मातीवर काढून उपयोग नाही.

मुळात परदेशी पैशाची आणि आमच्या रेल्वेची ओळख जुनी आहे. जागतिक बँकेने भारताला दिलेले पहिलेच कर्ज, १९४९ सालचे, रेल्वेसाठी होते, इंजिने वगैरे घेण्याकरिता. त्याच्या पाठोपाठ त्याच वर्षी दुसरे कर्ज मिळाले ते शेतीसाठी: एक कोटी डॉलर, ट्रॅक्टर व यंत्रे घेऊन मध्य भारतातल्या कांस गवताने ग्रासलेल्या जमिनी मोकळ्या करण्याकरिता. इंजिन पहिले आणि नांगर दुसरा. इंजिनाचे काय झाले हे रेल्वेच्या दप्तरात नंबरानिशी सापडते. कोणत्या शेडला होते, किती मैल धावले, कधी मोडीत निघाले. नांगरलेल्या शेताचे असे दप्तर कोणी ठेवत नाही.

त्यानंतर आला अमेरिकेचा पी.एल.-४८० चा गहू. १९५६ साली भारताने करार केला. १९६६ च्या दुष्काळी वर्षात बाहेरून आलेले धान्य सुमारे एक कोटी टनांवर गेले होते. बंदरातून तो गहू वाघिणींत भरून देशभर पोचवला तो आमच्या आधीच्या पिढीतल्या रेल्वे कामगारांनी. अध्यक्ष जॉन्सन जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत होते, कारण व्हिएतनामबाबत दिल्लीचे बोलणे त्यांना रुचत नव्हते. त्या गव्हाने माणसे जगली, हे खरे. इथला शेतकरी स्वस्त धान्यामुळे मागे पडला, असेही अनेकांनी लिहिले. आणि गव्हाबरोबर काँग्रेस गवत आले, हे तर महाराष्ट्रात शेंबडे पोरसुद्धा सांगते. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल मिलो आमच्या आई-वडिलांनी खाल्ली. तिची चव कशी होती, हे ते सांगत. पण ती खाणाऱ्यांना ‘कशी होती’ असे विचारायला कोणता परदेशी तपासनीस महाराष्ट्रातल्या खेड्यात आला होता, असे आम्ही कधी ऐकले नाही.

याच्या उलट उदाहरणही द्यायला हवे. १९७० पासून जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत युरोपची दूधभुकटी आणि लोणीतेल फुकट आले. ते फुकट वाटले नाही. शहरांतल्या डेअऱ्यांना विकले आणि तो पैसा सहकारी दूध संघ उभारण्यात घातला. त्यावर १९८० च्या दशकात कडक टीका झाली, तेव्हा सरकारला एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. टीका बरोबर होती की चूक, यावर आजही वाद घालता येईल. पण वाद उघड्यावर झाला, आकडे बाहेर आले. देणगी घेणाऱ्या देशाने स्वतः हिशेब मागितला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

आता ज्या माणसामुळे हा लेख मराठीत लिहावासा वाटला, त्यांच्याकडे वळतो. उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात महेवा येथे १९४८ साली आल्बर्ट मेयर या अमेरिकन वास्तुतज्ञाच्या कल्पनेतून ग्रामविकासाचा पथदर्शक प्रकल्प सुरू झाला. लखनौहून मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी त्याला पाठबळ दिले. सुधारित बियाणे, खत, गावातला कार्यकर्ता, असा तो प्रयोग. त्याच धर्तीवर २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशभर ५५ सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले. त्याला अमेरिकन सरकारची मदत होती, फोर्ड फाउंडेशनचाही हात होता. आणि त्याच महिन्यात दिल्लीत एक वेगळी संस्था उभी राहिली: कार्यक्रम मूल्यमापन संघटना. तिचे पहिले संचालक पुण्याचे अर्थतज्ज्ञ प्रा. द. गो. कर्वे. पुढे १९५५ च्या ग्रामोद्योग व लघुउद्योग समितीमुळे ज्यांचे नाव सर्वत्र झाले, तेच हे कर्वे.

या संघटनेची खुबी अशी की, प्रकल्प चालवणाऱ्या प्रशासनाच्या हाताखाली ती नव्हती. नियोजन मंडळाशी जोडलेली होती. काम करणारा वेगळा, बघणारा वेगळा. काम सुरू झाले त्याच दिवसांत बघणाराही गावात पोचला. काम आटोपल्यावर श्राद्धाला बोलावल्यासारखा आला नाही. या संघटनेने वर्षामागून वर्ष जे लिहिले ते सरकारला गोड लागणारे नव्हते: फायदा मोठ्या शेतकऱ्यांकडे अधिक जातो, लोकांचा सहभाग बोलण्यात जास्त आणि प्रत्यक्षात कमी. पुढे १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत राज्याची शिफारस केली, तिच्यामागे याच अनुभवाची शिदोरी होती. मूल्यमापनातून कायदा बदलू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. संघटनेची पुढची कथा मात्र सरकारी कथांसारखीच झाली. हळूहळू तिची धार गेली, आणि २०१५ मध्ये ती नीती आयोगातल्या नव्या कार्यालयात विलीन करण्यात आली.

आता रुळांकडे येऊ. रेल्वेत नवी लाइन बांधून झाली, तिच्यावर खडी पडली, सिग्नल लागले, इंजिनिअर साहेबांनी सह्या केल्या, तरी तिच्यावरून प्रवासी गाडी सोडता येत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त येऊन तपासतात, ते मान्यता देतात, मगच गाडी. मोठा अपघात झाला की चौकशीही तेच करतात. आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. १९४१ साली हा विभाग रेल्वे बोर्डापासून मुद्दाम वेगळा काढण्यात आला, कारण ज्याने रूळ टाकले त्याच्याच नोकराने रुळाला पास करणे बरे नव्हे, एवढी अक्कल त्या काळच्या राज्यकर्त्यांनाही होती. अपघाताच्या चौकशीची जाहीर सूचना निघते. ज्याला काही सांगायचे असेल तो येऊन साक्ष देऊ शकतो, मग तो प्रवासी असो, स्टेशनवरचा हमाल असो की फाटकाजवळचा शेतकरी.

हा आयोग म्हणजे देवाचे न्यायालय नव्हे. त्यातले अधिकारी रेल्वेतूनच आलेले असतात. त्यांच्या शिफारशी रेल्वे बोर्ड मानतेच असे नाही. आणि चौकशीचे खापर शेवटी पॉइंट्समनच्या किंवा स्टेशन मास्तरच्या डोक्यावर फुटते, वरच्या माळ्यावर क्वचितच पोचते, हे आमच्या सभासदांना सांगायला नको. पण पद्धत म्हणून ती बरोबर आहे.

ऊसर प्रकल्पाचे मूल्यमापन झाले नाही, असे आम्ही म्हणत नाही. उलट भरपूर झाले. प्रकल्प संपला की जागतिक बँक आपला पूर्तता अहवाल लिहिते आणि समाधानकारक, असमाधानकारक अशी श्रेणी देते. बँकेचे स्वतंत्र मूल्यमापन खातेही आहे, ते बँकेच्या अध्यक्षांना नव्हे तर थेट संचालक मंडळाला जबाबदार असते. ही चांगली तजवीज आहे. परंतु ते मंडळ वॉशिंग्टनला बसते. अहवाल इंग्रजीत. हरदोईच्या गावातल्या ज्या गटाने कूपनलिका चालवली त्याच्यापर्यंत त्यातले एक पानही हिंदीत पोचत नाही. ऋण कोण फेडतो? आय.डी.ए.च्या शर्तीप्रमाणे पहिली दहा वर्षे सवलतीची आणि एकूण मुदत ३५ वर्षांची. १९९३ साली पंचविशीत खलाशी म्हणून लागलेला माणूस निवृत्तीला येईल तेव्हा कुठे शेवटचा हप्ता. शिवाय त्या काळच्या पद्धतीप्रमाणे परदेशी मदत राज्याकडे पोचवताना केंद्र तिचा ७० टक्के भाग कर्ज म्हणून आणि ३० टक्के अनुदान म्हणून देई, आणि कर्जावर केंद्राच्या दराने व्याज लावी. बँकेचा सेवा आकार पाऊण टक्का. केंद्राचे व्याज त्याच्या कितीतरी पट. ही पद्धत बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, २००५ मध्ये बदलली. ज्याला आपण परदेशी मदत म्हणतो ती अशी आपल्याच खिशातून फिटणारी असते. मग अहवाल आपल्या भाषेत मागायला लाज कसली?

अहवालात काय मोजतात, हा त्याहून मोठा प्रश्न. हेक्टर मोजतात, टन मोजतात, गट मोजतात. प्रकल्प संपता संपता मोजतात, जेव्हा जिप्सम ताजे असते, नाला नुकताच खणलेला असतो आणि साहेबांची जीप येण्याच्या दिवशी सर्व हजर असतात. पण ऊसर जमिनीचे खरे दुखणे नंतर सुरू होते. नाला गाळाने भरला की पाणी पुन्हा तुंबते, पाणी वर चढले की क्षारही वर चढतात. सुधारलेली जमीन काही ठिकाणी पुन्हा बिघडल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. नाला कोणी साफ करायचा? गट म्हणतो सरकारने, एक खाते म्हणते दुसऱ्याने. रुळाखालची मोरी पावसाळ्यापूर्वी साफ झाली नाही तर भराव वाहून जातो, हे आमचा साधा गँगमन जाणतो. म्हणूनच रुळाची तपासणी एकदा करून भागत नाही. की-मन रोज पायी जातो, ट्रॉलीवरून साहेब ठरल्या वेळी जातात. शेतीच्या प्रकल्पात मात्र लाइन सुरू झाली, फीत कापली, आणि की-मनची जागा भरलीच नाही, अशी अवस्था.

आणि अहवालात ज्याची साक्ष सर्वात कमी येते तो म्हणजे शेतमजूर. ऊसर जमिनीत भाताची लावणी गुडघाभर पाण्यात वाकून बायका करतात. रोजगाराचे दिवस किती वाढले, याचे हिशेब अशा अहवालांत मांडले जातात. पण त्या बाईला मजुरी रोख मिळाली की धान्यात, पुरुषाइतकी मिळाली की कमी, ज्या पट्ट्यावर भात उभा राहिला तो पट्टा प्रकल्पानंतर त्याच कुटुंबाकडे राहिला की जमीन पिकू लागताच कोणी बळकावली, हे कोण विचारतो? नापीक जमिनीकडे कोणी ढुंकून बघत नाही. सोने पिकायला लागले की वारसदार उभे राहतात. आमच्या मते प्रकल्प यशस्वी की अयशस्वी हे ठरवण्यासाठी उपग्रहाच्या चित्राइतकेच तलाठ्याचे, म्हणजे तिकडच्या लेखपालाचे दप्तर तपासले पाहिजे.

अन्नसुरक्षा हा शब्द तर फारच सैल वापरला जातो. धान्य पिकले म्हणजे ताटात आले असे होत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत उत्तर प्रदेशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळजवळ ४० टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली आढळली. आधीच्या पाहणीतला आकडा ४६ टक्क्यांच्या वर होता, म्हणजे सुधारणा आहे. पण जे राज्य देशात सर्वाधिक गहू पिकवते, तिथली ही स्थिती आहे. टन मोजणाऱ्या तपासनीसाच्या वहीत हे मूल येतच नाही.

काही अधिकारी मित्र आम्हाला म्हणतात, तुम्ही मंडळी मॅट्रिक झालेली, मूल्यमापन हे शास्त्र आहे, नमुना निवड, तुलनात्मक गट वगैरे तुम्हाला कळायचे नाही. शास्त्राबद्दल आम्हाला आदर आहे. पण महाराष्ट्रातल्या कामगाराने एक गोष्ट शास्त्राशिवाय करून दाखवली आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना जेव्हा उभी राहिली तेव्हा तिच्यासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. आमच्या रेल्वे कामगारांच्या पगारपत्रकावर ती कपात आजही दिसते. दुष्काळात रस्ते फोडणाऱ्या मजुराचा पैसा शहरातल्या कामगाराने दिला, परदेशाने नाही. आणि म्हणून त्या योजनेतली खोटी हजेरीपत्रके, न झालेले बंधारे यांवर विधिमंडळात आणि मोर्चांत हक्काने विचारणा झाली. पुढे २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात तर ग्रामसभेने कामांचे सामाजिक लेखापरीक्षण करावे, अशी तरतूदच होती. भिंतीवर नाव, दिवस, मजुरी लिहायची आणि गावासमोर वाचून दाखवायची. हे करायला पदवी लागत नाही. त्यातही गावगुंडांनी गोंधळ घातले, बैठका कागदावर झाल्या. तरी जिथे खऱ्या झाल्या तिथे चोऱ्या पकडल्या गेल्या.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण असे की, लखनौत पुन्हा मोठे कर्ज आले आहे. यू.पी. ॲग्रीज नावाचा जागतिक बँकेचा प्रकल्प २०२५ मध्ये सुरू झाला. सुमारे ४,००० कोटी रुपयांचा, बुंदेलखंड आणि पूर्वांचलच्या २८ जिल्ह्यांसाठी. भारत २०१४ मध्ये आय.डी.ए.च्या सवलतीच्या यादीतून बाहेर पडल्यामुळे जुन्या पाऊण टक्क्याच्या शर्ती आता नाहीत. महाराष्ट्रातही २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांसाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज घेऊन पोकरा प्रकल्प राबवला गेला, तो आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या गावात पोचला असेल. म्हणजे प्रश्न उत्तर प्रदेशाचा एकट्याचा नाही.

म्हणून आमच्या महासंघाने केंद्रीय कार्यकारिणीत पुढील मागणीचा ठराव मांडावा, असा आमचा आग्रह आहे. शेती व अन्न यांसाठी परदेशी कर्ज घेतलेल्या प्रत्येक प्रकल्पाची तपासणी ते कर्ज देणाऱ्या संस्थेने किंवा ते खर्च करणाऱ्या खात्याने नव्हे, तर तिसऱ्याच मंत्रालयाखालच्या कायमस्वरूपी आयोगाने करावी, रेल्वे सुरक्षा आयोगाच्या धर्तीवर. तपासणी प्रकल्प संपताना एकदा आणि त्यानंतर दहा वर्षांनी पुन्हा व्हावी. दुसरी अधिक महत्त्वाची. जाहीर सूचना हिंदीत, मराठीत, ज्या त्या राज्याच्या भाषेत निघावी आणि शेतमजूर बाया-पुरुषांच्या साक्षी गावातच घेतल्या जाव्यात, तालुक्याच्या कचेरीत नव्हे. मजुरीचा दर हा अहवालाचा स्वतंत्र भाग असावा. नाला, कूपनलिका, बांध यांची देखभाल कोणाकडे आणि त्यासाठी दरवर्षी किती रक्कम, हे कर्जाच्या करारातच लिहिलेले असावे.

यावर काही जण म्हणतील की अशाने परदेशी पैसा यायचा बंद होईल. आम्हाला तसे वाटत नाही. जे कर्ज देतात त्यांना व्याजासकट परत मिळते, आणि हिशेब चोख ठेवणाऱ्याला कर्ज अधिक सहज मिळते. आणि एखादी संस्था गावातल्या मजुराची साक्ष घेतली जाते म्हणून मागे हटणार असेल, तर तिचा पैसा आपल्या उपयोगाचा होता की नव्हता, याचा निकाल तिथेच लागला.

तूर्त ठराव होईपर्यंत आपल्या हाती जे आहे ते करावे. लखनौ, झांशी, वाराणसी आणि प्रयागराज विभागांतल्या शाखांनी आपापल्या सभासदांपैकी ज्यांची गावे ऊसर प्रकल्पात होती त्यांची यादी करावी. रजेवर गावी जाल तेव्हा चार गोष्टी बघून या: नाला वाहतो का, कूपनलिका चालते का, सातबाऱ्याच्या जागी तिकडे जी खतौनी असते तिच्यावर नाव कोणाचे आहे, आणि गेल्या खरिपात लावणीची मजुरी बाईला किती आणि पुरुषाला किती मिळाली. पोस्टकार्डावर लिहिले तरी चालेल. विदर्भ-मराठवाड्यातल्या शाखांनी पोकराच्या गावांबाबत असेच करावे. पत्रे शाखा सचिवांमार्फत पाठवावीत. गावाचे व तालुक्याचे नाव लिहिण्यास विसरू नये.